बारकी जवात बसली

सेप माझा थोरला भाऊ. त्याच्या परसात कबुतरांची ढाबळ, माझ्या कपाटात दुनळी बंदूक, आणि दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत. इंग्लंडात डरहॅमकडच्या आमच्या खाणगावात एका कुटुंबात असं सहसा चालत नाही. कबूतरवाले बंदूकवाल्यांना पाण्यात पाहतात आणि आम्ही त्यांना खुळ्यात काढतो. काढू नाहीतर काय करू? दाणे घालायचे, घाण उपसायची, टोपलीत भरून शर्यतीला फ्रान्सला पाठवायची आणि मग ती तिथून उडत घरी येईपर्यंत दिवसभर आभाळाकडे तोंड वासून उभं राहायचं. मी मारतो ती रानकबुतरं, तीही शेतकऱ्यानं बोलावलं तर. त्याचं पीक वाचतं, माझ्या पातेल्यात काहीतरी पडतं. लग्न मी केलं नाही. या तोंडाशी संसार कोण करणार?

तर गावचा एक नेम होता. कुठं लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. शर्यतीची टोपली गावाबाहेर गेली की बंदुका कपाटात. क्लबात घड्याळं उघडून निकाल लागेपर्यंत कुणीही शेतात आमिषाची खोटी पाखरं मांडायची नाहीत. शर्यतीचं कबूतर दमलेलं असतं, भिजलेलं असतं. खाली चार पाखरं चरताना दिसली की त्याला उतरायचा मोह होतो. ती प्लास्टिकची आहेत हे त्या बिचाऱ्याला वरून काय कळणार.

ही गोष्ट बाहत्तर सालच्या जुलैतली. सेपची ती शेवटची शर्यत. छातीत खाणीची धूळ होतीच, वर तीस वर्षं पिसांचा भुसा ओढलेला. डॉक्टरनं सांगितलं, कबुतरं जातील नाहीतर तू जाशील. एडीनं, म्हणजे माझ्या वहिनीनं, त्याच दिवशी संडरलंडच्या एका माणसाला निरोप धाडला. तो मंगळवारी येऊन सगळी पाखरं घेऊन जाणार होता. एक सोडून. बारकी नावाची एक कबरी मादी होती, मुठीत मावेल एवढी. सेप म्हणाला, ही मी ठेवणार, ही कोळशाच्या खोलीत राहील, हिच्यानं कुणी मरत नाही. एडी दोन दिवस बोलली नाही, मग हो म्हणाली. सेपनं शेवटच्या शर्यतीला बारकीलाच पाठवलं. एकतीस वर्षांत फ्रान्सच्या शर्यतीत त्याचा पहिला नंबर कधी आला नव्हता. क्लबातल्या पाटीवर गावातल्या निम्म्या लोकांची नावं होती. गाढवांचीसुद्धा होती. सेपचं नव्हतं.

शुक्रवारी टोपल्या गेल्या. संध्याकाळी सेप भिंतीवरून डोकावला.

"मॅटी, पाऊस पडला तर शनिवारी सोडणार नाहीत. रविवारी सोडतील. रविवारी तू कुठं कडमडू नकोस."

"मी काय खुळा आहे का?"

"आहेस, म्हणून तर सांगतोय."

आणि पाऊस पडला. शुक्रवारी रात्री लागला तो शनिवारभर ओतत राहिला. संध्याकाळी ट्रॉटर दारात. हा टेकडीपलीकडचा शेतकरी. वीस वर्षं त्याच्या शेतात मी बंदूक चालवत होतो, नुसत्या तोंडी परवानगीवर. तो घरात आला नाही, उंबऱ्यावरच टोपी झटकली.

"मॅटी, वरच्या तुकड्यातला सगळा जव लोळलाय. पाचशेच्या वर पाखरं बसलीत त्यावर. उद्या ये."

"उद्या जमणार नाही. टोपली बाहेर आहे."

"तुझी टोपली गेली खड्ड्यात. माझं पीक चाललंय. तुला जमत नसेल तर डार्लिंग्टनचा तो माणूस दोनदा विचारून गेलाय. एकदा त्याला शब्द दिला की मग तू माझ्या बांधावर पाय ठेवायचा नाहीस."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला आजही माहीत आहे, तेव्हाही माहीत होतं. पण मी म्हटलं, येतो. त्या माणसाला मी पाहिलेलं होतं. नवीन गाडी, नवीन टोपी, आणि पाखरू जमिनीवर बसलेलं असताना बार टाकणारा. माझ्या शेतात तो येणार म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. रात्रभर मनाला समजावत राहिलो. ट्रॉटरचं शेत टेकडीमागं, शर्यतीची पाखरं येतात रेल्वेच्या रुळांवरून, ती इकडं कशाला वळतील? वारा पलीकडचा, आवाजही गावात पोचणार नाही. माणसाला करायचंच असलं की कारणं कशी हात जोडून उभी राहतात.

सहाला मी मागच्या गल्लीतून निघालो. सेपच्या खिडकीत दिवा होता. मी चोरासारखा भिंतीला धरून गेलो, ते मला आठवतं.

पावसात खोट्या पाखरांचा खेळ अवघड असतो. प्लास्टिक ओलं झालं की चकाकतं, आणि चकाकणारं कबूतर खऱ्या कबुतरानं जन्मात पाहिलेलं नसतं. ते वरून येतं, बघतं आणि वळतं. म्हणून दर सर उतरली की लपणातून बाहेर पडायचं, एकेक पाखरू फडक्यानं कोरडं करायचं, परत आत. मारलेली पाखरं मांडावीत तर त्यांची पिसं चिकटून ती चिंध्यांसारखी दिसतात, ती बदलत राहायचं. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडं. मधे एक मोकळी जागा सोडायची, म्हणजे येणाऱ्याला उतरावंसं वाटतं. मी बारा प्लास्टिकची आणि सहा मेलेली मांडली. जाळीच्या लपणात बादली उपडी घालून बसलो. जोराचा पाऊस आला की रानकबुतरं झाडांत गप बसत, उघडीप झाली की भुकेली तुटून पडत. दुपारपर्यंत पस्तीसेक पडली. हात बरा चालत होता. सेपला मी विसरलो होतो असं म्हणणार नाही, पण त्याच्याकडं पाठ करून बसलो होतो.

दोनच्या सुमाराला बारीक भुरभुर चालू होती. टेकडीच्या अंगानं एक पाखरू आलं, एकटं, खालून. बंदूक खांद्याला लागली. चाप ओढायच्या आत पाहिलं, पंखावर रानकबुतराचा पांढरा पट्टा नाही. मी बंदूक खाली घेतली. देवाची शपथ, घेतली. पाखरू एक घिरटी घालून माझ्या त्या मोकळ्या जागेत अलगद उतरलं, प्लास्टिकच्या दोन पाखरांच्या मधे.

बारकी होती ती. मी तिला अंड्यातून बाहेर आल्यापासून ओळखत होतो. उजव्या पायात शर्यतीचं रबरी कडं, पाखरू घरी पोचलं की मालकानं काढून घड्याळात टाकायचं, म्हणजे वेळ छापली जाते. माझ्यापासून वीस पावलांवर. तिथून सेपची ढाबळ उडत्या पाखराला मिनिटभराची.

मी घड्याळ पाहिलं. दोन वाजून बारा मिनिटं.

 पहिल्यांदा वाटलं, पाणी पिईल आणि जाईल. तिनं डबक्यातलं पाणी प्यायलंही. पोटभर प्यायली. मग पिसं फुलवली, एक पाय पोटात घेतला, आणि त्या प्लास्टिकच्या सोबत्यांच्या ओळीत वाऱ्याकडं तोंड करून उभी राहिली. एका दाण्याला तिनं चोच लावली नाही. नुसती सोबतीला थांबली. फ्रान्सपासून पावसात एकटी आलेली, तिला वाटलं असेल, इतकी जणं निवांत बसलीत त्या अर्थी बसायची वेळ आहे.

आता मी काय करावं? उठून हाकललं असतं तर? तुम्ही म्हणाल, त्यात काय, टाळी वाजवायची. वाजवा तुम्ही. दमलेलं, भिजलेलं पाखरू, त्याच्यासमोर झाडोऱ्यातून अचानक माणूस उठला तर ते घराकडंच जाईल असं कोण सांगणार? दिसेल त्या गोठ्यात शिरलं असतं आणि सोमवारी उजाडल्यावर बाहेर पडलं असतं. असं झालेलं मी पाहिलंय. हातानं धरून नेलं असतं तर ती चोरी. पाखरानं आपल्या पंखांनी ढाबळीत यायचं असतं, आणि सेपनं ते कडं घड्याळात घातलं नसतं, मला फेकून मारलं असतं. म्हणून मी बसलो. म्हटलं, आणखी पाच मिनिटं. पाचाची दहा झाली. ती बारा पाखरं मी माझ्या हातानं मांडली होती आणि आता त्यांच्यातलं एकही मला उठवता येत नव्हतं.

मग उघडीप झाली आणि रानकबुतरं आली. ढिगानं. माझ्या डोळ्यांदेखत बारकीच्या भोवती उतरली आणि जव खाऊ लागली. एरवी सणाचा दिवस. पण बार काढला तर सगळीच उडणार, आणि तीही त्यांच्याबरोबर कुठल्या रानात जाईल कुणास ठाऊक. बंदूक मांडीवर ठेवून मी बघत बसलो. मनात म्हणत होतो, जा ग बाई, घर तिथं आहे. ती एकदा मान वळवून गावाकडं बघे, परत शेजारच्या प्लास्टिककडं बघे. ते हलत नाही म्हणून तीही हलेना.

सव्वातीनच्या पुढं फाटकातून ट्रॉटर आला. आला तो तरातरा, जव तुडवत.

"अरे ए मॅटी! झोपलास का मेलास?"

मी लपणातून हातानं खूण केली, थांब, थांब. त्याला काय कळतंय.

"शंभर पाखरं जेवायला बसलीत आणि तू वाढपी होऊन बसलायस? मारायला बोलावलंय की चारायला?"

त्यानं काठी उगारली आणि हाऊ हाऊ करत धावला. सगळं शेत एका दमात उठलं. बारकीही उठली, रानकबुतरांच्या थव्याबरोबर, ओढ्याकाठच्या रानाकडं. मी जाळी फाडून बाहेर आलो.  थवा रानावर गेला, वळला, आणि त्यातून एक ठिपका निसटला. वर गेला, एक चक्कर मारली, आणि टेकडीवरून सरळ गावाकडं.

तीन वाजून वीस मिनिटं.

"डोळे का पुसतोयस?" ट्रॉटर म्हणाला. "उद्यापासून येऊ नकोस."

मी पाखरं गोळा केली, पिशवी पाठीवर टाकली आणि आलो. परवानगी गेली त्याचं काहीच वाटलं नाही. पिशवी मागच्या दारानं घरात टाकली, कपडे बदलले आणि भिंतीवरून डोकावलो. सेप उपड्या टोपलीवर बसला होता, छाती शिट्टीसारखी वाजत होती, आणि तोंडभर हसत होता.

"आली," तो म्हणाला. "मॅटी, आली. तीन बावीसला कडं घड्याळात पडलं. या पावसात! गावात अजून कुणाचं आल्याचं ऐकलं नाही मी."

"पहिला येतोयस म्हण की."

"तोंड बंद ठेव. नाट लावशील."

मी तोंड बंद ठेवलं.

क्लबात सहाला घड्याळं उघडायची. सेपला चालताना दम लागे, म्हणून त्याचं घड्याळ उचलून न्यायचं काम नेहमी माझं. ते लाकडी पेटीतलं घड्याळ तान्ह्या पोरासारखं छातीशी धरून मी त्याच्या मागं चाललो. क्लबात बिअर आणि ओल्या कोटांचा वास. चाळीस पाखरं गेली होती, चारच परतली होती. घड्याळं उघडली, आकडे मांडले. गावाच्या पलीकडं राहणाऱ्या फाउल्क्सचं पाखरू दोन चौदाला आलेलं. सेप दुसरा.

सेपचा चेहरा क्षणभर उतरला, पण सावरला तो. दुसरा तर दुसरा, असल्या पावसात. लोकांनी पाठीवर थापा मारल्या. कुणीतरी त्याच्यापुढं पेला ठेवला. तेवढ्यात सिग्नलच्या केबिनमधला आर्थर आला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. माणूस भला, फक्त गप्प बसायचं कधी ते कळत नाही.

"दोघांचीही आली का?" तो म्हणाला. "मी पाहिली ना. दोन दहाला रेल्वेच्या पुलावरून पंखाला पंख लावून आली. एक पांढरट, एक बारकं कबरं. म्हटलं, आज सेपची आणि फाउल्क्सची जुंपणार."

 मग फाउल्क्स म्हणाला, "माझी ढाबळ तुझ्यापुढं मैलभर आहे, सेप. तुझी बाई सव्वा तास कुठं होती?"

"चहाला थांबली असेल," मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

सेपही हसला. सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला, मग खोकला आला आणि तो खोकतच राहिला. तेव्हा बोलायचं होतं मी. तीस माणसं होती, तीसही माझ्यावर तुटून पडली असती, पडू द्यायची होती. मी सेपच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो आणि पेटीवरच्या पितळी कडीकडं बघत राहिलो. उद्या सांगू म्हटलं. दोघंच असताना सांगू. त्याला जरा दम खाऊ दे.

घरी येताना तो दर खांबाला थांबत होता. ऊन पडलं होतं, रस्ते वाफाळत होते.

"दमलेली नव्हती ती," तो म्हणाला. पुढच्या खांबाशी म्हणाला, "हातात घेतली तेव्हा छाती भरलेली होती. डोळा लख्ख."

"पाऊस होता, सेप."

"फाउल्क्सच्या पाखराला काय ऊन होतं?" त्यापुढच्या खांबाशी म्हणाला, "तिनं घर पाहिलं आणि बसली. मी तिच्यासाठी एडीशी भांडलो."

"पाखरू आहे ते. आलं ना परत?"

"तुला नाही कळायचं."

परसात आलो. एडी स्वयंपाकघरात भांडी वाजवत होती. सेप ढाबळीत गेला, दाण्याचा डबा हलवल्याचा आवाज आला, मी कुंपणाशी टेकून उभा राहिलो आणि मनात वाक्य जुळवत होतो. सेप, तुला एक सांगायचंय. सेप, माझ्या हातून एक झालंय. तो बाहेर आला तेव्हा बारकी त्याच्या डाव्या हातात होती, बोटांत पाय, निवांत.

"सेप," मी म्हटलं, "ती जी बसली ना..."

"बसलीच," तो म्हणाला. "तू मंगळवारी घरी आहेस ना? तो संडरलंडवाला आला की टोपल्या उचलायला लागशील," आणि बोलता बोलता उजव्या हाताची दोन बोटं त्यानं तिच्या मानेभोवती घेतली आणि ओढली.

एवढंच. पंख दोनदा फडफडले. घर दिसत असताना जे पाखरू बसतं त्याला आमच्याकडं कबूतरवाले दुसरी संधी देत नाहीत. कुणी त्याला क्रूर म्हणत नाही, फाउल्क्सही तेच करतो, सेपनं शेकडो वेळा केलं होतं. पण ही तो ठेवणार होता. ही तो करणार नाही असं मी धरून चाललो होतो.

मी बोलत सुटलो मग. आता कशाला, ते मला विचारू नका. ट्रॉटर दारात आला इथपासून ते त्यानं काठी उगारली इथपर्यंत सगळं सांगितलं. सेप ऐकत होता. मधे एकदाही त्यानं मला शिवी दिली नाही. दिली असती तर मी त्याचे पाय धरले असते.

"किती मांडली होतीस?" त्यानं विचारलं.

"अठरा."

"दाणे टिपले का तिनं?"

"नाही. पाणी प्यायली नुसती. मग गावाकडं बघत उभी होती."

त्यानं बारकीकडं पाहिलं. अंगठ्यानं तिच्या छातीवरचं एक वाकडं झालेलं पीस सरळ केलं. बराच वेळ तेच करत होता, आणि छाती तशीच वाजत होती. मग हात पुढं केला.

"घे."

"सेप, अरे..."

"तू पाडलीस. ज्यानं पाडलं त्याचं पाखरू. हाच ना तुमचा नेम? घे."

मी घेतली. गरम होती. दुसरं काय करणार होतो.

एडीनं खिडकी उघडली. "चहा टाकतेय. मॅटी थांबतोय का?"

"नाही," सेप म्हणाला. "त्याला घरी पाखरं सोलायचीयत."